शाळेचे कुंपण आणि त्यावरील वेली

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील भाषण)

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवाराला तारेचे कुंपण घातले म्हणजे काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. येथे जमलेल्या शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना पुढची हकिकत ठाऊकच आहे. काही पावसाळ्यांत तार गंजते, शेळ्या खालून वाट काढतात आणि अखेर खांब तेवढे उरतात. तारेला झुडपांची व वेलींची जोड दिली तर कुंपण खऱ्या अर्थाने टिकते. मात्र ही जोड निवडताना बहुतेक ठिकाणी एकच विचार होतो : लवकर काय वाढेल? त्याआधी दुसरा प्रश्न विचारावयास हवा. या कुंपणाजवळ दिवसभर कोण वावरणार आहे?

शाळेपुरते उत्तर उघड आहे. मुलांच्या हाताला जे लागते ते तोंडात जातेच. मोगली एरंडाची फांदी खोचली की रुजते, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. म्हणून तो गावोगाव कुंपणाला दिसतो. पण त्याच्या बियांचा गर चवीला शेंगदाण्यासारखा लागतो. तो खाल्ल्याने ओकाऱ्या व जुलाब होऊन शाळकरी मुलांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी मुले खेळतात. त्यांतील विष थेट हृदयावर परिणाम करते. तारेवर आपोआप चढणाऱ्या गुंजेचे लालकाळे बी दिसायला मोहक, पण चावून खाल्ल्यास प्राणघातक ठरू शकते. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. ही झाडे शेताच्या दूरच्या बांधावर कदाचित चालतील, शाळेभोवती नकोत.

घाणेरीची गोष्ट थोडी निराळी. उष्ण अमेरिकेतील हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी म्हणून आपल्या देशात आणले गेले. आज ते रानोमाळ पसरले असून त्याचा पाला गुरांनाही विषारी आहे. कुंपणच शेत खाते ही म्हण तिने अक्षरशः खरी केली.

मग लावावे काय? कोकणात आणि घाटमाथ्यावर करवंदीसारखे दुसरे झुडूप नाही. काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत आणि फळ मुलांच्या आवडीचे. रोपे मात्र तारेच्या बाहेरच्या अंगाला लावावीत. मे महिन्यात पिकलेल्या फळांतील बी धुऊन लगेच पिशवीत पेरावे; ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने घटते. रोपे पुढील पावसाळ्यात लावण्याजोगी होतात. वाढ सावकाश होते, तेवढा धीर हवा. समुद्रकाठच्या खाऱ्या जमिनीत कोयनेल उत्तम. तिची पाने कडू, त्यामुळे शेळ्या टाळतात. पठारी भागात मेंदी आहेच. कोयनेल किंवा मेंदी एक-एक फुटावर लावून पहिल्याच वर्षी वीतभर उंचीवर छाटली, तर बुडापासून फुटवे येतात. छाटायचे जिवावर येते, पण न छाटलेले कुंपण वर दाट व खाली मोकळे राहते, आणि शेळीला खालचीच वाट हवी असते.

वेलींबाबत मुख्य विचार भाराचा. मधुमालतीचे सायंकाळी पांढरे उमलून पुढे लाल होणारे झुबके कोणालाही आवडतील. परंतु जुना वेल पावसात भिजून वाऱ्यात सापडला की हलके खांब वाकवतो. तिला किंवा बोगनवेलीला लोखंडी अथवा सिमेंटचे भक्कम खांब हवेत. पौष-माघात केशरी फुलांनी भरून जाणाऱ्या संक्रांतवेलीलाही तोच नियम. साध्या जाळीवर गोकर्ण, तोंडली, घोसाळी किंवा मायाळू सोडावी. घोसाळी आणि तोंडली शाळेच्या पोषण आहारातही उपयोगी पडतात.

लागवड जूनमध्ये, शाळा उघडल्यावर उत्साहाने होते. रोपे मरतात ती पुढच्या मे महिन्यात, कारण सुट्टीत पाणी घालणारे कोणी नसते. तेव्हा लागवडीचा ठराव करतानाच त्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा पाणी कोण घालणार, त्याचे नाव पंचायतीने ठरावात लिहून घ्यावे आणि आळ्यांवर पालापाचोळ्याचा जाड थर देण्याचे काम परीक्षा संपण्यापूर्वी मुलांकडून करून घ्यावे.