जुन्या यंत्रांची पाठवणी



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना वंदन करून आज मी एक घरगुती विषय आपल्यापुढे मांडणार आहे. माळ्यावर पडलेला रेडिओ, खोक्यात घालून ठेवलेला जुना दूरचित्रवाणी संच, कपाटाच्या खणातील बंद मोबाइल आणि चार्जर यांचे पुढे काय होते आणि काय व्हावे, एवढाच तो विषय आहे.

सभागृहातील ज्येष्ठांना आठवत असेल, की एके काळी घरात रेडिओ आणला म्हणजे पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे शुल्क भरावे लागे. धारवाड आणि सांगली या आकाशवाणी केंद्रांचे आवाज आपल्या सीमाभागातील घरांत त्या परवान्याच्या आधारे येत. १९८०च्या दशकात परवान्याची ही पद्धत बंद झाली. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, मागोमाग संगणक आला, मोबाइल आला. यंत्र घरात येताना त्याची नोंद करण्याची रीत तरी आपण पाहिली होती. ते घराबाहेर जाताना त्याची नोंद मात्र आपण कधीच ठेवली नाही. माझ्या आजच्या विवेचनाचे मूळ या त्रुटीत आहे.

नोंद नसलेली वस्तू कोठे जाते? बहुधा ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढते आणि वजनावर विकली जाते. तेथून पुढे ती फोडली जाते. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, सर्किटच्या पाट्या तेजाबात बुडवून त्यांतील सोने काढण्याचा प्रयत्न होतो. दिल्लीतील सीलमपूर हा भाग अशा कामासाठी देशभर ओळखला जातो. जुन्या संचाच्या काचेच्या नळीत शिसे असते, ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, काही बॅटऱ्यांत कॅडमियम असते. घरात असेपर्यंत ही द्रव्ये बंदिस्त असतात आणि आपल्याला त्यांचा उपद्रव नसतो. वस्तू फुटली की ती मोकळी होतात, आणि त्या वेळी जवळ असतो तो फोडणारा कामगार, पुष्कळदा त्याचे मूलही. निपाणीच्या लोकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. तंबाखूच्या वखारींतील धूळ कोणाच्या छातीत गेली आणि त्या व्यापाराचा नफा कोणाच्या पेटीत गेला, हे या परिसराने डोळ्यांनी पाहिले आहे.

या वस्तूंत धन आहे, हेही तितकेच खरे. आपल्याच राज्यातील कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद झाली, कारण खोलवरून काढलेल्या खडकातील अल्प सोन्यावर खर्च भागेना. उलट एक टन जुन्या मोबाइलमध्ये तेवढ्याच खडकातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक सोने असते. जपानने हे जगाला दाखवून दिले. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदके तेथील नागरिकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून घडविली गेली. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत सुमारे ७९ हजार टन लहान उपकरणे आणि ६२ लाखांवर मोबाइल गोळा झाले. त्यांतून सुमारे ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्याला लागणारा धातू मिळाला. लोकांनी करावयाचे काम फार साधे होते : जवळच्या संकलन केंद्रावर वस्तू नेऊन देणे. एरवी जगाचे चित्र असे आशादायक नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे.

आपल्या देशात यासाठी कायदा आहे. मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम लागू झाले आणि विकलेल्या वस्तूच्या अखेरीची जबाबदारी उत्पादकावर आली. एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांनुसार उत्पादक व पुनर्वापर करणारे कारखाने यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. बंगळूरजवळ दोब्बसपेठ येथे ‘ई-परिसर’ हा अशा कामाचा कारखाना २००५ पासून उभा आहे. म्हणजे नियम आहेत आणि कारखानेही आहेत. उणीव आहे ती आपल्या माळ्यापासून त्या कारखान्यापर्यंतच्या वाटेची.

ही वाट का तयार होत नाही? संकलनाची पेटी काही देत नाही आणि भंगारवाला चार पैसे देतो, हे त्याचे सरळ कारण आहे. ज्या घरात त्या चार पैशांची गरज आहे, त्या घराला पर्यावरणाचा उपदेश करणे मला योग्य वाटत नाही. ज्यांना गरज नाही, त्यांनी मात्र ते पैसे सोडावेत, असे मी आग्रहाने म्हणेन. भंगारवाल्याला शत्रू मानण्याचेही कारण नाही. उद्यमबागेतील फौंड्र्यांमुळे भंगाराचे मोल बेळगावकर पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि पुढे कचरावेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिच्यामार्फत ई-कचऱ्याचेही संकलन होते. गोळा करण्याचे कौशल्य त्यांच्याकडे आहे. ते त्यांनी करावे, फोडण्याचे काम तेवढे कारखान्याने करावे, ही विभागणी मला न्याय्य वाटते.

म्हणून या शाळेपुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. वर्षातून दोन ठरावीक रविवारी शाळेची एक खोली संकलनासाठी उघडावी. वस्तू अखंड स्वीकारावी. कोणीही ती उघडू नये, विद्यार्थ्यांनी तर नाहीच. ट्यूबलाइट व बॅटऱ्या मोठ्यांनीच हाताळाव्यात आणि वेगळ्या ठेवाव्यात; फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. मोबाइलमधील खासगी माहिती देणाऱ्याने आधी पुसून टाकावी. जी वस्तू दुरुस्त होईल, ती प्रथम दुरुस्तीकाराला दाखवावी. परिसरातील भंगारवाल्यांना बोलावून त्यांनी आणलेल्या मालाचे वाजवी मोल द्यावे आणि त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी छोटा निधी उभारावा. निपाणी आणि बेळगाव दोन्ही पुणे-बंगळूर महामार्गावर आहेत; दोन्हीकडचा माल एकत्र केल्यास नोंदणीकृत कारखान्याची गाडी बोलावणे परवडू शकेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक वही ठेवावी. काय आले, किती वजनाचे आले, कोणत्या कारखान्याकडे गेले आणि त्याची पोच मिळाली की नाही, हे तीत लिहावे. ज्या पेटीचा हिशेब नाही, तिच्यातला माल पुन्हा त्याच काट्यावर आणि त्याच आगीत जाण्याची भीती असते.

हे काम शाळेनेच का करावे, असा प्रश्न कोणी विचारील. हजेरीपट ठेवणे, एकही नाव गळू न देणे आणि विद्यार्थी येथून बाहेर पडताना त्याला दाखला देणे, हे शाळा आरंभापासून करीत आली आहे. घराबाहेर पडणाऱ्या यंत्रासाठीही तेवढीच दक्षता हवी आहे. ज्यांच्या स्मृतीस आपण आज अभिवादन करतो, त्यांच्या नावाने अशी एक वही या वर्षी सुरू झाली, तर पुढील व्याख्यानाच्या वेळी तिची बेरीज वाचून दाखविता येईल.