कुस्तीतला कब्जा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी मला इथे बोलावयास उभे केले, कारण माझी धाकटी तालमीत जाते आणि “पोरीच्या जातीला कुस्ती कशाला?” असे तुम्ही पुष्कळजणी विचारता.

आपला मुलूखच कुस्तीचा. शेजारच्या कुंडलचे मैदान सर्वांना ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. पण मैदान पाहावे पुरुषांनी. आपल्या वाट्याला बदाम वाटणे आणि दूध आटविणे! म्हणून कुस्ती म्हणजे मारामारी, असे आपल्याला वाटते. तसे नव्हे. ठोसा, लाथ, चावा, केस ओढणे यांना कुस्तीत मनाई आहे. मुख्य गोष्ट कब्जाची. म्हणजे समोरचीचा तोल आपल्या हाती घेणे.

पहिले, उभे राहणे. आडाचे पाणी शेंदताना आपण पाय फाकून, गुडघे किंचित वाकवून उभ्या राहतो, तसेच.

दुसरे, हात. एक हात तिच्या मानेवर, दुसरा मनगटावर. जिकडे डोके झुकते तिकडे अंग जाते. ओढावे, ढकलावे, आणि तिचे पाऊल उचलले की पट काढावा. म्हणजे पाय धरून तिला खाली घ्यावे. एक पाय धरला तर एकेरी पट, दोन्ही धरले तर दुहेरी.

तिसरे, खाली घेतल्यावर पाठीमागे जाणे. समोर राहिलो तर तिचे हात आपल्यावर चालतात. मागून कमरेला मिठी घातली की चालत नाहीत. छाती तिच्या पाठीवर टेकवून सगळा भार तिच्यावर टाकावा. ती उठण्यासाठी ज्या हातावर जोर देते, तोच हात ओढून घ्यावा. मॅटवर असा ताबा मिळाला की दोन गुण मिळतात. दोन्ही खांदे टेकविले की चितपट, कुस्ती संपली.

हे सारे वस्तादांसमोरच शिकावे, घरच्या फरशीवर नव्हे. मान जपावी लागते, आणि ‘सोड’ म्हटले की त्या क्षणी सोडावे लागते. घट्ट धरणे आणि वेळेवर सोडणे, दोन्ही मुली तिथे शिकतात.

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती २००४ साली आली. २०१६ साली साक्षी मलिकने रिओला कांस्यपदक जिंकले. आणि २०२३ साली सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. ती गदा आपल्याच जिल्ह्याच्या प्रतीक्षा बागडीने उचलली.

आता माझे मागणे. माझ्या मुलीच्या वजनाची जोड तालमीत नाही. दोघी-तिघी आल्या होत्या. घरच्यांनी बंद केल्या. कब्जा एकटीने शिकता येत नाही, बायांनो. संध्याकाळचा एक तास भाकरी आपण थापू; मुलींना तालमीत पाठवा. दुधाचा पेलाही भावाइतकाच भरा.