आधी नाव नीट घ्या

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात क्लब हाऊसमध्ये केलेले भाषण)



कमिटीनं मला सांगितलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं रेडिओवर कॉमेंटरी केलीत, त्यावर दहा मिनिटं बोला." दिवसभर बोलायची सवय असलेल्या माणसाला दहाच मिनिटं! पण परवा लिफ्टमध्ये बी विंगमधल्या एका ताईंनी विचारलं, "आमचा मुलगा कॉमेंटेटर व्हायचं म्हणतो. त्यात करिअर आहे का हो?" तेव्हा मजला आला आणि उत्तर राहून गेलं. ते आज देतो.

आपल्याकडे हे काम सुरू झालं ते मुंबईत. १९३४ मध्ये बॉबी तल्यारखान यांनी चौरंगी क्रिकेट सामन्याचं वर्णन रेडिओवरून केलं. ते दिवसभर एकटेच बोलत. माईक दुसऱ्याबरोबर वाटून घेणं त्यांना मंजूर नव्हतं. पण ते इंग्रजीत. मराठीत क्रिकेट कानावर पडलं ते बाळ ज. पंडित यांच्यामुळे. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. पुढे वि. वि. करमरकरही मराठीत समालोचन करत. माझ्या पिढीनं मराठी कॉमेंटरीचा पाठ घेतला तो या मंडळींकडून, ट्रान्झिस्टर कानाला लावून.

माझी सुरुवात गावच्या कबड्डीच्या मैदानावर, कर्ण्यापुढे. "लाल गाडी मैदानाजवळून हलवावी" ही माझी पहिली घोषणा. पुढे बँकेत लागलो आणि रेडिओच्या चाचणीला गेलो. मैदानावर बसवून टेपरेकॉर्डर पुढे ठेवला आणि म्हणाले, दहा मिनिटं बोला. मी आकाश, गर्दी, वारा, सगळं रंगवलं. परीक्षक म्हणाले, "आवाज छान आहे. पण स्कोअर किती झाला?" मी एकदाही सांगितला नव्हता! अर्थातच नापास.

दुसऱ्या खेपेला पास झालो, पण तो धडा विसरलो नाही. अमेरिकेत बेसबॉलचं समालोचन करणारे रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू खाली आली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. ऐकणारा कधीही रेडिओ लावतो, त्याला आधी तेच हवं असतं. मी हे वाचलं आणि आमच्या सौ.नी स्वयंपाकघरातलं मिनिटांचं घड्याळ मला देऊन टाकलं. भाताचा अंदाज त्या डोळ्यांनीच घ्यायला लागल्या.

आता करिअरचं. ऐका, रेडिओवर आम्ही नोकरीला नव्हतो. सामना असेल तेव्हा करारपत्र यायचं आणि सामन्यापुरतं मानधन मिळायचं. घर चालायचं बँकेच्या पगारावर. रजा सगळ्या सामन्यांत जायच्या. दोनदा प्रमोशन आलं. ते घेतलं असतं तर बदली झाली असती आणि माईक सुटला असता. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. माझ्याबरोबर लागलेले मॅनेजर झाले. माझी मुलं मे महिन्यात कुठं फिरायला गेली नाहीत. माझ्या छंदाची किंमत घरानं मोजली. याबद्दल सौ. कधी बोलल्या नाहीत, म्हणून आज मी बोलतो.

पण जी गोष्ट मला आजही झोपू देत नाही ती वेगळीच आहे. जिल्ह्यांच्या कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका संघात दोन चुलतभाऊ, आडनाव एकच, अंगकाठीही तशीच. कबड्डीत चढाईला मिळतात तीस सेकंद. तेवढ्यात कोण गेला, कोणाला शिवला, मध्यरेषेला हात लागला का, हे सगळं सांगायचं. शेवटच्या चढाईत धाकट्यानं दोन गडी टिपले आणि सामना जिंकून दिला. मी मोठ्या भावाचं नाव घेतलं. एकदा नाही, तीनदा. कौतुकाच्या भरात मी पाठीवरचा नंबर बघितलाच नाही.

बक्षीस समारंभ झाल्यावर तो पोरगा माझ्याकडे आला. रागावला नव्हता. म्हणाला, "साहेब, आईनं शेजारपाजारच्या बायका गोळा केल्या होत्या रेडिओ ऐकायला. ती विचारील, तू खेळलास का रे? मी काय सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. हवेत गेलेला शब्द परत आणता येत नाही. मी त्याच्या आईला पत्र लिहिलं. पोचलं असेल. पण त्या रात्री त्या घरात जे व्हायला हवं होतं, ते माझ्यामुळे झालं नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. सामन्याआधी तासभर मैदानावर जायचं आणि प्रत्येक खेळाडूला विचारायचं, "बाळा, तुझं नाव काय? घरी काय म्हणतात? नंबर कुठला?" राखीव खेळाडूंनाही विचारायचं. खो-खोत तर वाक्य पुरं होण्याआधी गडी बाद होतो. तिथं नाव जिभेवर तयार नसेल तर समालोचक संपलाच.

आज दिवस बदललेत. २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि आमच्या मातीतल्या खेळाला दिवे, कॅमेरे मिळाले. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर मराठीतून ऐकता आली. त्याच मोसमात केदार जाधव मराठी समालोचन करता करता बेंगळुरूच्या संघात दाखल झाले! म्हणजे वाट आहे. गर्दीही आहे, आणि माजी खेळाडू पुढे असतात. तेव्हा त्या ताईंच्या मुलाला सांगतो: शिक्षण पुरं कर. स्कोअरबुक लिहायला शीक. मराठी चांगली ठेव, हिंदी-इंग्रजीही कमाव. शाळेच्या सामन्यांत फुकट बोल. टीव्हीवर चित्र दिसत असताना गप्प राहायला शीक, रेडिओवर मात्र क्षणभरही मैदान विसरू नकोस. आणि आधी नाव नीट घे.

आपल्या सोसायटीच्या क्रीडादिनाला मी दरवर्षी पार्किंगमध्ये माईक धरतो. लिंबू-चमच्यात शेवटून पहिल्या आलेल्या मुलाचंही नाव मी पुकारतो, तेव्हा काही जण हसतात. हसू द्या. वरच्या गॅलरीत त्याची आजी ऐकत असते.

जाता जाता कमिटीला एक विनंती. या स्मरणिकेत पंचवीस वर्षांच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं छापणार आहात, उत्तमच. पण टँकरच्या दिवसांत रात्री दोनला उठून व्हॉल्व्ह फिरवणारे आपले वॉचमन, आणि रोज सकाळी सहाला जिने झाडणाऱ्या मावशी, यांना आपण "वॉचमन" आणि "मावशी" एवढंच म्हणतो. त्यांची पूर्ण नावं मी त्यांना विचारून कागदावर लिहून आणली आहेत, स्पेलिंगसकट. एक पान त्यांना द्या. कागद सेक्रेटरींकडे देतो आणि माईक खाली ठेवतो.