जुन्या संगणकाला कोणती आवृत्ति?

गंगापुरासारख्या तालुक्याच्या गांवीं विजेचें जाणें-येणें पाहून गच्चीवरील टाकी भरणें, हें घरांतील नित्याचें काम. ज्या घरांत तें काम, आणि त्याबरोबर दिवे व दारावरील कॅमेरा, एखाद्या दहा-बारा वर्षांच्या संगणकाकडे सोंपविलेलें असतें, तेथें त्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या आवृत्तीची असावी, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं. आज्ञा चुकली तर मोटार कोरडी फिरून जळते. दुरुस्त्या थांबल्या तर दारावरचा कॅमेरा परक्यांनाही दिसूं लागण्याचें भय असतें.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला, तेव्हांपासून हा प्रश्न टाळतां येईनासा झाला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते व ठराविक नवे प्रोसेसरच चालतात. ही अट चुकविण्याच्या युक्त्या आहेत; परंतु जें यंत्र अहोरात्र घर सांभाळतें, त्यावर असले प्रयोग करणें शहाणपणाचें नव्हे.

मग उरतें लिनक्स. तेथेंही नवें तें चांगलें, असें डोळे मिटून म्हणतां येत नाहीं. प्रथम प्रोसेसर ३२ बिटांचा कीं ६४ बिटांचा, हें पाहावें. बाकी सर्व मागाहून. डेबियनची १३ वी आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघाली, आणि ३२ बिटांच्या जुन्या संगणकावर ती नव्यानें बसवितां येत नाहीं. १२ व्या आवृत्तीचा दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ पर्यंत आहे. तेवढ्यावर निभावेल असें पुष्कळांस वाटतें. पण ‘होम असिस्टंट’ या लोकप्रिय गृहयंत्रणेनें डिसेंबर २०२५ मध्यें ३२ बिटांची साथच सोडली. जमीन राहिली, घर गेलें! असें यंत्र घराबाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवावें, किंवा सरळ निवृत्त करावें.

प्रोसेसर ६४ बिटांचा असेल तर डेबियन १३, तीही चित्रमय पडद्याच्या थाटावांचून, हीच निवड बरी. होम असिस्टंटची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम अधिक सुटसुटीत खरी. मात्र तिला यूईएफआय पद्धतीनें सुरू होणारें यंत्र लागतें, आणि फार जुन्या यंत्रांत ती सोय नसते.

नवी आवृत्ति नव्या डिस्कवर बसवावी आणि जुनी डिस्क महिनाभर तशीच कपाटांत ठेवावी. वीज गेल्यावर व परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होतें कीं नाहीं, हें मुद्दाम वीज तोडून पाहावें. मोटारीचें हातानें चालवावयाचें बटण मात्र काढूं नये. घरांतल्या आजीबाईंना तेंच ठाऊक असतें.