धम्माच्या नावाने द्वेष : ब्रह्मदेश व श्रीलंकेचा धडा



मुसलमानांविरुद्ध संघटित चळवळी जगात अनेक देशांत चालतात. या विषयावर बोलताना इतर धर्मीयांकडे बोट दाखविणे सोपे असते. आम्ही मात्र आज मुद्दाम दोन बौद्ध देश निवडले आहेत. 1950 साली बाबासाहेब श्रीलंकेला गेले आणि 1954 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. या देशांकडे आपण आदराने पाहत आलो आहोत. म्हणूनच तेथे धम्माच्या नावाने जे घडले, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार. तेथे 2012-13 च्या सुमारास ‘969’ नावाची चळवळ फोफावली. हे आकडे कुठले? बुद्धाचे नऊ गुण, धम्माचे सहा आणि संघाचे नऊ. त्रिरत्न वंदनेत आपण ज्या गुणांचे स्मरण करतो, तेच हे गुण. त्यांचे स्टिकर छापून दुकानांवर व टॅक्सींवर लावण्यात आले आणि ज्या दुकानावर हे चिन्ह असेल तेथूनच बौद्धांनी खरेदी करावी, असा प्रचार झाला. मुसलमान दुकानदार 786 हा आकडा लावीत. त्यातील सात, आठ व सहा यांची बेरीज एकवीस होते, म्हणजे एकविसाव्या शतकात ते देश ताब्यात घेणार, असेही लोकांना सांगण्यात आले! आम्ही बँकेत आकड्यांचेच काम करतो. अशा बेरजेने कोणाचा कट सिद्ध होत नाही, एवढे कोणताही कारकून सांगू शकेल. खरा आकडा 2014 च्या जनगणनेत आहे. त्या देशात बौद्ध सुमारे 88 टक्के, तर मुसलमान चार टक्क्यांच्या आसपास.

या प्रचाराचे प्रमुख होते मंडालेचे भिक्खू विराथू. चिथावणीबद्दल 2003 साली त्यांना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली होती. 2012 च्या सर्वसाधारण माफीत ते सुटले. 20 मार्च 2013 रोजी मेइक्तिला गावात सोन्याच्या दुकानात भांडण झाले. त्याच दिवशी एका भिक्खूचीही हत्या झाली आणि मग गावभर जाळपोळ सुरू झाली. चाळीसहून अधिक माणसे मेली. त्यांत मदरशात शिकणारी मुलेही होती. पुढे ‘मा-बा-था’ ही वंश व धर्म रक्षणाची संघटना उभी राहिली. तिच्या आग्रहाने 2015 साली आंतरधर्मीय विवाह, धर्मांतर, एकपत्नीत्व व लोकसंख्या यांविषयी चार कायदे झाले. ऑगस्ट 2017 मध्ये लष्कराने रोहिंग्यांविरुद्ध मोहीम सुरू केली आणि सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. गोळ्या लष्कराच्या होत्या, परंतु शेजाऱ्याला परका ठरविण्याचे काम प्रवचनांनी आधीच केले होते. 2021 साली सत्ता बळकावणाऱ्या त्याच लष्कराने 2023 साली विराथूंना मानाचा किताब दिला. याच देशात 2007 साली हजारो भिक्खू मेत्त सुत्त म्हणत लष्करशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, हेही विसरता येत नाही.

आता श्रीलंका. 2012 साली तेथे ‘बोदु बल सेना’ स्थापन झाली. गलगोडा अत्ते ज्ञानसार हे तिचे पुढारी. तिने पहिला हल्ला चढविला तो मालावरील हलाल शिक्क्यावर. 2013 साली मुस्लिम उलेमांच्या संस्थेला देशांतर्गत मालावरील तो शिक्का मागे घ्यावा लागला. त्याने शांतता आली काय? जून 2014 मध्ये अलुथगामा येथे सेनेच्या सभेनंतर घरे-दुकाने जळाली. 2018 साली कँडीजवळ दिगाना येथे तेच घडले. एप्रिल 2019 मध्ये ईस्टरच्या दिवशी इस्लामी अतिरेक्यांनी बॉम्बस्फोट करून अडीचशेहून अधिक लोकांचे प्राण घेतले. ते घोर दुष्कृत्य होते. पण मे महिन्यात ज्यांची दुकाने व मशिदी फोडल्या, त्यांचा या स्फोटांशी काय संबंध होता? न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झालेल्या ज्ञानसारांना त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली आणि 2021 साली तर एका सरकारी समितीचे प्रमुखपद त्यांना मिळाले.

दोन्ही देशांत क्रम एकच दिसतो. बहुसंख्यांना भय घालायचे, मग व्यापार तोडायचा, मग स्त्रियांच्या रक्षणाची भाषा करायची आणि शेवटी एखादी अफवा किंवा किरकोळ भांडण पुरते. याला सत्तेचे अभय मिळाले की काम पूर्ण होते.

बंधू-भगिनींनो, बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 20 मार्च ही तारीख आपण 1927 च्या चवदार तळ्यासाठी पाळतो. तेव्हाही अफवाच उठली होती, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आपल्या माणसांवर धावला. त्या दिवशी महाडात आपल्यातील अनेकांना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा ती दिली एका मुसलमान गृहस्थाने. हे ऋण आपल्या इतिहासात नोंदलेले आहे.

मेइक्तिलातही असे दार उघडले होते. भिक्खू विथुद्ध यांनी शेकडो मुसलमानांना आपल्या विहारात घेतले आणि जमाव दारात आला तरी त्यांना स्वाधीन केले नाही. श्रीलंकेत भिक्खू वटारेक विजित हे सलोख्यासाठी बोलत राहिले. 2014 साली बोदु बल सेनेच्या लोकांनी त्यांची पत्रकार परिषद उधळून लावली. चीवर दोन्हीकडे एकच होते. धम्म कोणाकडे होता, हे ज्याचे त्याने ओळखावे.

विद्यार्थी मित्रांनो, आज अफवा मोबाईलवर घरात येते. एखाद्या समाजाकडून भाजी घेऊ नका, त्यांना खोली भाड्याने देऊ नका, असा मजकूर आला, की पुढे पाठविण्यापूर्वी एवढेच करा. त्या समाजाच्या नावाच्या जागी आपल्या वस्तीचे नाव घालून तो पुन्हा वाचा. आपल्या आजोबांनी असलेच शब्द ऐकले होते. पंचशीलातील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, आणि शहानिशा न करता पुढे पाठविलेली अफवा त्याच्या आड येते.

बाबासाहेबांनी धम्म दिला तो माणसाला माणसाशी जोडण्यासाठी. त्याच धम्माचे आकडे उद्या कोणी आपल्या हातात बहिष्काराचे स्टिकर म्हणून दिले, तर ते परत करण्याचे धैर्य आपल्यात असावे, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!