परसबागेतला मावा : फवारण्याआधी पान उलटून पाहा



मागच्या थंडीत एका वस्तीवर गेलो होतो. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला वालाचा वेल मांडवभर पसरला होता. पण शेंडे काळे दिसत होते, पाने आकसली होती. घरच्या ताई म्हणाल्या, "साहेब, मावा पडलाय. ह्यांनी कपाशीचं उरलेलं औषध काढून ठेवलंय. संध्याकाळी मारणार आहेत." मी विचारलं, "अन् शेंगा कधी तोडणार?" त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी. पोरांच्या डब्याला."

मंडळी, आजचे बोलणे याच गोष्टीवर आहे. कोणत्या पिकावर कोणते औषध, आणि फवारल्यानंतर किती दिवसांनी तोडणी करायची, हे ठरलेले असते. परसातली भाजी आपण एक-दोन दिवसांआड तोडतो. मग थांबणार कधी? म्हणून शेतातली उरलेली बाटली परसबागेत आणायची नाही.

मावा वेळेवर दिसला तर बाटलीची गरजही पडत नाही. वाल-चवळीवर तो काळा असतो, कोबीवर राखी. कोवळे शेंडे व पानांची खालची बाजू यांतून तो रस शोषतो. त्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागतात. म्हणून आज दिसलेले दहा मावे पुढच्या आठवड्यावर टाकू नका. माव्याच्या अंगातून गोड चिकटा गळतो. त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्याही येतात. वेलावर मुंग्यांची रांग दिसली की समजा, वर मावा आहे.

आता उपाय ऐका.

१) आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहा. मावा थोडा असेल तर बोटांनी चिरडा. फार भरलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा.

२) सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारा.

३) युरिया जास्त देऊ नका. लुसलुशीत पाल्यावर मावा वाढतो. चांगले कुजलेले शेणखत द्या.

४) तरीही आटोक्यात येत नसेल तर निंबोळी अर्क वापरा. वाळलेल्या पाव किलो निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा, पाणी घालून पाच लिटर करा, त्यात १० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. आधी भाजी तोडून घ्या, मग उन्हे उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. आठ दिवसांनी पुन्हा फवारा. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी वेचून, वाळवून ठेवा.

५) मिरचीची किंवा चवळीची पाने पिवळी-हिरवी चट्टेदार झाली असतील, तर तो माव्याने पसरवलेला विषाणूरोग असू शकतो. त्यावर औषध नाही. असे झाड उपटून पुरून टाका.

आता शेवटची गोष्ट. त्या वेलावर काळपट, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, मगरीसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या फिरत होत्या. ताई त्या वेचून चिरडत होत्या. मी म्हणालो, "ताई, थांबा. ही तर तुमची राखणदार!" ढालकिड्याची ही अळी दिवसाला कितीतरी मावे फस्त करते. कपाशीचे औषध मारले असते, तर मावा मेला असता अन् राखणदारही. मावा पुन्हा लवकर आला असता, राखणदार आले नसते.

ताईंनी बाटली परत कुलपात ठेवली. भरलेले शेंडे खुडले, दोनदा पाणी मारले. पंधरवड्याने गेलो तेव्हा नवे शेंडे हिरवे होते, आणि त्यांनी मला शेंगा दिल्या. त्या निर्धास्तपणे खाल्ल्या.

तेव्हा उद्या सकाळी पाणी घालताना एक पान उलटून पाहा.

नमस्कार.