आधी वाद घाला, मग हात लावा



अध्यक्षाने दोन गोड शब्द बोलून खाली बसावं, अशी आपल्याकडची रीत. ती मी आज पाळणार नाही. आपल्या चर्चमधली पुरुष मंडळं आजारी आहेत आणि आपण आजाराचं नाव घ्यायला भितो.

सभेत कुणी अडचणीचा विषय काढला की पुढच्या बाकावरून आवाज येतो, ‘नको, फूट पडेल.’ फूट कधीच पडली आहे! चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत कोण कुणाच्या गटात, हे शब्बाथशाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. चर्चच्या जमिनीचा हिशेब चहाच्या टपरीवर मागितला जातो. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या लोटल्या, तरी सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते. मंडळाच्या सभेत मात्र यातलं अवाक्षर निघत नाही. मागील इतिवृत्त वाचून कायम, एक गीत, एक प्रार्थना, बटाटेवडा, की चालले घरी. याला सहभागिता म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. यरुशलेमेच्या मंडळीत कुरकुर झाली, कारण ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीतून डावललं जात होतं. प्रेषितांनी कुणाला गप्प बसवलं नाही. सगळ्यांना बोलावलं, तक्रार ऐकली आणि वाटपासाठी सात पुरुष नेमायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर... सातही नावं ग्रीक वळणाची. ज्यांची ओरड होती त्यांच्यावरच भरवसा टाकला, असं मी तरी ते वाचतो. मंडळीतली पुरुषांची पहिली सेवा समिती भांडणातून जन्मली, बंधूंनो! त्या दिवशी कुणी ‘फूट पडेल’ म्हणून विषय दाबला असता, तर त्या विधवा उपाशी राहिल्या असत्या.

आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं नाव आपण किती सहज घेतो! त्यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. आपल्याला एकाच चर्चमधले दोन गट एका सतरंजीवर बसवता येत नाहीत. मग टिळकांची भजनं गाताना निदान मान खाली घाला.

आता सेवेचं. नाताळात सरकारी दवाखान्यात केळी वाटून फोटो काढणं मी सेवेत धरत नाही. त्याच दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात रात्री दोन वाजता जा. अर्धांगवायूचा रुग्ण एका कुशीवर तसाच पडलेला असतो, पाठीला जखमा व्हायला लागलेल्या. त्याला वळवायला दोन माणसांचं बळ लागतं आणि वॉर्डात सिस्टर एकटी असते. बायको बिचारी दिवसभर धुणीभांडी करून आलेली, परक्या पुरुषांच्या खाटांमध्ये अंग चोरून बसलेली. लघवीचं भांडं कोण देणार? हे पुरुषांचं काम आहे! महिला मंडळाने डबा पोचवला. आपण ‘विशेष प्रार्थना’ ठेवली आणि झोपलो. प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्यावर आपण दरवर्षी उपदेश ऐकतो. रुमाल कुणी बांधत नाही.

दारूचंही तेच. एखादा भाऊ तिच्यात बुडाला की आपण त्याच्याबद्दल बोलतो. त्याच्याशी बोलायला त्याच्या उंबऱ्यावर किती जण गेले?

तेव्हा दुपारच्या सत्रातला सत्कार मी रद्द केला आहे. ज्यांना वाईट वाटेल त्यांनी मला खुशाल बोलावं, मी इथेच बसलो आहे. त्या वेळेत जमीन, निवडणूक आणि सोयरीक हे तीन विषय उघड बोलायचे, ज्याला जे म्हणायचं ते नाव घेऊन, उभं राहून. आणि दाराशी एक वही ठेवली आहे. दवाखान्यातल्या रात्रपाळीसाठी दर रात्री दोघं हवेत. पंगत बसण्याआधी नावं लिहा. पहिलं नाव माझं आहे, जोडीदार हवा आहे.